सपाट मळ्यातला वायू

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा प्रबंध दुरुस्त करून ठेवलाय हे मला गाडीच्या दिवशी सकाळी कळलं. शनिवार होता, दुपारची गाडी होती आणि सोमवारी नागपूरला प्रबंध द्यायचा होता. नाही दिला तर एम.एस्सी.चं वर्ष बुडणार. राज्यांची नुकतीच नवी आखणी झाली होती. आम्ही बुरहानपूरवाले मध्य प्रदेशातच राहिलो आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. पुढच्या वर्षी इकडच्या मुलीला तिकडे परीक्षेला बसू देतील का, कुणी छातीठोकपणे सांगेना. शिवाय माय माझ्यासाठी दोन स्थळं हेरून बसली होती.

अण्णा शाळेत गणित शिकवायचे. अक्षर छापल्यासारखं. हातातून जाणारा कुठलाही कागद तपासल्याशिवाय सोडायचा नाही, ही त्यांची खोड. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन्सिल शोधायचे. प्रबंध टाइप झाला होता, पण टाइपरायटरवर गणिताच्या खुणा कुठल्या असायला! सूत्रांच्या जागा कोऱ्या होत्या. त्या हातानं भरायच्या, आणि मी हिवतापानं अंथरुणात. अण्णा म्हणाले, "तू पड. तुझ्या वहीतून मी भरतो तिन्ही प्रतींत." मला वाटलं, सुटले बाई.

विषय तसा सुटसुटीत होता. काही वायू अतिशय थंड केले की त्यांचे कण एकाएकी सगळ्यांत खालच्या अवस्थेत जाऊन गर्दी करतात. पण हे होतं ते लांबी, रुंदी, उंची तिन्ही असलेल्या जागेत. वायू पातळ थरात सपाट कोंडला किंवा एका रेषेत ठेवला, तर कितीही थंड करा, ती गर्दी होतच नाही. सगळा फरक कणांना किती अवस्था मोकळ्या आहेत ते मोजण्यात. तिथे चेंडूसारखा गोल धरायचा की सपाट वर्तुळ, एवढ्यावर अख्खा प्रबंध उभा होता.

आणि अण्णांनी थराच्या प्रकरणात प्रत्येक वर्तुळाचा गोल करून टाकला होता! रेषेच्या प्रकरणातही गोलच. तिन्ही प्रतींत, सुंदर अक्षरात. खाली टाइप केलेला निष्कर्ष म्हणतोय, गर्दी होत नाही. वरचं सूत्र म्हणतंय, होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पानं पलंगावर आपटली.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत?"

"चुकलं होतं तुझं. तापात होतीस, म्हणून बोललो नाही."

"चुकलं नव्हतं!"

"वायू आहे ना बेटा? वायू काय कागदावर पसरतो? वायू म्हटलं की खोली आलीच."

"अहो, विचारायचं तरी! माझ्या वर्षाची वाट लागली."

माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ दे ना, वडील आहेत ते." वडील आहेत म्हणून काय वर्तुळाचा गोल होतो? मी तेही बोलले. अण्णांचा चेहरा उतरला, पण ऐकतील तर शपथ! शेवटी मी आमच्या शाहपूरच्या केळीच्या मळ्यावर आले.

"विहीर मधोमध धरा. वीस पावलांवर जितकी केळी, त्याच्या किती चाळीस पावलांवर?"

"दुप्पट. परीघ दुप्पट होतो."

"आणि मळा चेंडूसारखा असता, वर-खाली सगळीकडे झाडं असती तर?"

"चौपट. म्हणजे लांबच्यांच्या मानानं विहिरीजवळ फारच थोडी झाडं."

"थोडी, म्हणून त्यांचं पोट भरतं आणि उरलेलं पाणी विहिरीत साचतं. झाडं म्हणजे वरच्या अवस्था, पाणी म्हणजे कण, आणि विहिरीतलं साचणं तीच माझी गर्दी. सपाट मळ्यात जवळचीच झाडं इतकी की पिऊन पिऊन विहिरीत काही उरू देत नाहीत."

अण्णांनी बोटानं जमिनीवर एक सरळ रेघ ओढली. मग हळूच म्हणाले, "आणि एकाच ओळीत लावली, तर मग मुळीच नाही उरणार."

"हेच लिहिलं होतं मी!"

त्यांनी कोट चढवला, खिशात ब्लेड, टाक आणि शाईची दौत टाकली आणि माझ्याबरोबर टांग्यात बसले. भुसावळपर्यंत ते ब्लेडनं चुकीची सूत्रं खरवडत होते. भुसावळला गाडी बदलली आणि ते लिहायला बसले. दौत मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि माझा राग अजून उतरला नव्हता. गाडीच्या हिसक्यांनी त्यांचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं येत होतं. प्रत्येक सूत्रानंतर ते चष्मा काढून बघायचे आणि पुढचं लिहायचे.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "बाकीचं अक्षर मोत्यासारखं, आणि हे कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचंच. गाडीत लिहिलंय." ते हसले. मग त्यांनी विचारलं, इथे गोल का नाही, आणि मी विहीर सांगितली.

पास झाल्याचं कार्ड मी घरी टाकलं. अण्णांचं उत्तर आलं, छापल्यासारख्या अक्षरात. आनंद झाला, तब्येत सांभाळ, केळी चांगली आलीत. आणि तळाशी एक ओळ: "ते वाकडं अक्षर कुणाचं, असं कुणी विचारलं का?"

मी लिहिलं, नाही, कुणीच विचारलं नाही. अण्णांना मी जाणूनबुजून दिलेलं ते एकच चुकीचं उत्तर, आणि तेवढं एक त्यांनी तपासलं नाही.