खंडेनवमीचं कुंकू आणि काळी फिल्म

अंधेरीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपमधल्या लेथपासून ऑफिसातल्या झेरॉक्सपर्यंत सगळ्यांना कुंकू आणि झेंडूचं फूल. त्या वर्षी माझ्या प्रोजेक्टच्या सरांनी भक्तिभावाने आमच्या डिटेक्टरलाही कुंकू लावलं. नेमकं फिल्मवर.

ही फिल्म म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचा काळा, पातळ थर. उष्ण वस्तूतून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण पडले की तिच्यातून वाहणारा करंट किंचित बदलतो. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिला दिसायचं, माणूस मात्र अजून दिसला नव्हता. दिवाळीनंतर सर निवृत्त होणार होते. त्याआधी आपण केलेल्या फिल्मला माणसाची ऊब कळावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही फिल्मजवळ नुसतं शिंकलो तरी खेकसणारा हा माणूस! मी भयंकर चिडले. पण सर बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ बोटं धूत राहिले, तेव्हा फार वाईट वाटलं.

“वाट लागली ना गं?”

“लागली,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

नळ्या घोळलेलं द्रावण बाटलीत जेमतेम एका फिल्मपुरतं उरलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर ती फिल्म मी एकटीने केली. सर दारातच थांबले. “मी हात लावणार नाही बाई.” फिल्मचं तोंड दाराकडे करून मी पुढे कचऱ्याची काळी पिशवी ताणून बसवली. तिच्यातून उजेड जात नाही, पण हे किरण जातात.

मीटर लावला. आकडा स्थिर राहीना. चढायचा, पुन्हा उतरायचा. पंखा बंद केला, वायरी तपासल्या, तरी तेच. मला रडू यायला लागलं.

“हीपण गेली, सर.”

सर न राहवून बघायला पुढे आले. आकडा चढला. मग एकदम भानावर येऊन मागे सरकले, तर उतरला. मघापासून त्यांचं हेच चाललं होतं.

“सर, पुढे या.”

“नको गं, आणखी बिघडेल.”

“या हो!”

ते आले, हात पाठीमागे बांधून. आकडा चढला आणि चढलेलाच राहिला.

“ती बिघडलेली नाहीये, सर. ती तुम्हाला बघतेय.”