तक्रार नसलेली लाइन

हिलालभाऊ अमळनेरच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होता. माझा शेजारी. एरवी अबोल, पण बहिणीचा विषय निघाला की थांबायचा नाही. बेबाबाई त्याची एकुलती बहीण, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिलेली. तिथे वीज आली तेव्हा बाईनं विहिरीवरच्या पंपाला कुंकू लावलं आणि 'माझा भाऊ वीज पाठवतो' म्हणून गावभर मिरवली. बिचारा लाइन चालू-बंद करायचं हँडल ओढणारा माणूस. गावानं त्याला विजेचा मालकच करून टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळात वीज कमी पडू लागली. रोज कुठली तरी लाइन बंद ठेवावी लागे. कोणती, यावर वाद नकोत म्हणून वरच्या साहेबांनी युक्ती काढली: जिथून तक्रारी कमी, ती लाइन आधी बंद. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या हुशारीचा आजही संताप येतो. गिरणीवाले, पेढीवाले फोन करून कचेरी डोक्यावर घ्यायचे, त्यांचे दिवे चालू राहायचे. पायथ्याकडून कधी चकार शब्द आला नाही, म्हणून ती लाइन रोज बंद.

हँडल हिलालभाऊच ओढायचा. 'तिकडून हाक नाही, म्हणजे भागत असेल,' अशी मनाची समजूत घालायचा. एकदा धीर करून साहेबांकडे गेला, तर 'बहीण तिथे आहे म्हणून सांगता का?' एवढं ऐकून परत आला.

उन्हाळ्यात निरोप आला. पंप बंद, म्हणून बाया विहिरीत उतरून पाणी भरत होत्या. बेबाबाईचा पाय घसरला. ती गेली.

तेराव्याला मी सोबत होतो. हिलालभाऊ मेहुण्यावर, पुनावर, तुटून पडला. "पाव्हना, गाववालासनी एक बी तक्रार का बरं करी नई?"

पुना खाली मान घालून म्हणाला, "लोके निंघेल व्हतात, भाऊ. तिनीच बठ्ठासले थांबाडं. म्हने, तक्रार करशात तं मना भाऊनी नोकरी जाई."

लोक तक्रारीला निघाले होते, पण भावाची नोकरी जाईल म्हणून तिनंच सगळ्यांना अडवलं होतं. गावच्या सुनेच्या भावाविरुद्ध कसं बोलायचं, म्हणून सगळं गाव गप्प बसलं होतं. तेराव्यानंतर मात्र ते कचेरीत येऊन ओरडलं, आणि साहेबांनी लाइन लगेच चालू केली.

भाऊबीजेला हिलालभाऊ तिथे गेला. पंप चालू होता, बाया पाणी भरत होत्या. आईच्या जागी भाचीनं ओवाळायला ताट आणलं. तो पाटावरून उठला, बाहेर गेला आणि विहिरीकडे पाठ करून लेकरासारखा रडला.