सुमनताईचा आवाज ऐकायला मुकुटबनला

आमच्या पुण्याच्या ऑफिसात कापसाचा सल्ला देणारं ॲप बनतं. फोन खिशात असला तरी ते आपणहून बोलतं, शेतकऱ्याला नावानं हाक मारून. आवाज मुकुटबनजवळच्या सुमनताईचा, रेकॉर्डिंगवरून मशीननं शिकलेला. मी मूळची यवतमाळकडच्या नेरची, त्यामुळे तिचा हेल ऐकला की माहेरच आठवतं. सुट्टी मिळाली अन् ठरवलं, ही बाई समोर बसून ऐकायचीच.

ट्रॅव्हल्सनं यवतमाळ, तिथून पांढरकवडा, मग मुकुटबनची एसटी. गाड्या कमी, सकाळचीच धरा. स्टँडवर स्वस्तात गरम आलूबोंडे मिळतात, ते हाणून घ्या. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण दोन्हीकडं पांढराशुभ्र फुटलेला कापूस! शेजारच्या काकांचा खिसा बोलला, “अशोकभाऊ, पाऊस नाही, वेचून घ्या.” मागून तोच आवाज, “पांडुरंगभाऊ…” कुणी मान वळवली नाही. अंगावर काटा आला, अन् खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

सुमनताईनं हसून पाणी दिलं. मग जेवायची वेळ झाली तशी अंगणात जाऊन वावराकडं तोंड करून थाळी बडवली. तिचे यजमान गजाननभाऊ आले. भाकरी-भरीत झकास होतं. तेवढ्यात त्यांच्या खिशातून ती बोलली, “गजाननभाऊ, बोंडअळी पाहून घ्या.” समोर ताई भाकरी थापत होती, ओठ मिटलेले. 

“थाळी काहून वाजवता?” मी विचारलं.

“पह्यले गंमत वाटली,” ताई म्हणाली. “नवऱ्याले नावानं हाक, अन् वरून भाऊ! सासूबाई पदर तोंडाले लावून हासे.” इथल्या जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेईल तेवढंच. “मंग पोळ्यानंतर वावरात मले साप चावला. अहो, अहो करून राह्यली, पोचेना. तवा जन्मात पह्यल्यांदा नाव घेतलं. ‘गजानन! गजानन!’ करून वरडली.”

गजाननभाऊ ताटातच बघत होते. “आवाज आलता मले. म्या खिशातला फोन बंद केला. सुमन माह्यं नाव कायले घेते?”

शेजारीण धावली म्हणून ताई वाचली.

“ॲप काढून टाका ना,” मी म्हटलं.

“काढलं होतं. पण गावभर तोच आवाज. अन् कीड आली की तेच सांगते, मंग घेतलं परत.”

निघताना ताईनं माझा हात घट्ट धरला. “बंद करून दे व माय. माह्याच घरी मले हाक मारता येत नाही.” मी शब्द दिला.

पुण्यात मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. साहेब खरंच हळहळले. “लोकांना हाच आवाज आवडतो, तो कसा बंद करणार? पण नवऱ्याला नावानं हाक मारायची चूक दुरुस्त करू.” आठवड्यात दुरुस्ती झाली, टाळ्याही वाजल्या. प्रवासाचे फोटो अजून बघवत नाहीत मला. शेवटी धीर करून गजाननभाऊंना फोन लावला.

“ताई, ते आता माह्यं नाव नाही घेत,” ते हळूच म्हणाले.

“मग काय म्हणतं?”



“‘अहो’ म्हणते.”