पेनांचा व्यायाम

मला छळायचा हक्क देवाने ज्या चार माणसांना दिला आहे, त्यांत पहिला नंबर पापडी गावच्या सरांचा. खरं तर सर माझे नव्हेत, बायकोचे. त्यांनी तिला शाळेत मराठी शिकवलं आणि त्याची शिक्षा लग्नानंतर मला मिळाली. केळीच्या बागेतल्या त्यांच्या घरात जुन्या फाउंटनपेनांचं काचेचं कपाट आहे. मुळात ते सरांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, डिनरसेटचं. बाई गेल्या, डिनरसेट खोक्यातून पलंगाखाली गेला आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात मिळू लागला. कपाटात एकशे बारा पेनं आडवी झोपलेली असतात आणि प्रत्येकाखाली सरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी, पेन कुणाचं, कुठल्या गावचं. शेवटच्या आठ पेनांखाली मात्र चिठ्ठ्याच नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "वेळ कुठे मिळतो रे?" रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेला माणूस!

सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, खिशाकडे बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा नमस्काराला गेलो, तेव्हा आशीर्वादाला उचललेला हात त्यांनी मध्येच वळवून माझ्या खिशातलं बॉलपेन उपसलं आणि बायकोला म्हणाले, "अगं, हा खिळा खिशाला लावून फिरतो?" आगाशीला कुणाच्या आजोबांचं पेन पडून आहे अशी कुणकुण लागली की मला फोन. आगाशी विरारच्या माझ्या फ्लॅटपासून दहा-पंधरा मिनिटांवर, पण मी आधी स्कूटर काढून पापडीला जायचं, सरांना मागे बसवायचं आणि पुन्हा उलटं आगाशीला यायचं. तिथे दोन तास गप्पा. हाती काय, तर निब नसलेलं एक पेन आणि "नुसतं पेन कसं मागायचं" म्हणून विकत घेतलेल्या केळ्यांच्या चार फण्या. स्वतः केळीच्या बागेत राहणारा माणूस आगाशीहून केळी घेऊन येतो आणि ती माझ्या स्कूटरच्या हँडलला लटकतात.

पण खरा जाच रविवारचा. शाई भरलेलं पेन चालवलं नाही की सुकतं. म्हणून सरांच्या मते पेनांना दर आठवड्याला व्यायाम हवा, आणि तो घडवणार आम्ही. चर्चमधली मिस्सा आटोपून परतणारे शेजारी, नारळ पाडायला आलेला माणूस, मी, सगळ्यांपुढे दुरेघी वही. एक पान भरल्याशिवाय चहा नाही. शेजारी हळूहळू मागच्या वाटेने घरी जाऊ लागले आणि उरलो मी एकटा. सर उजवा हात खिशात घालून मागे रुबाबात उभे राहायचे आणि वाकून बघायचे. "हा काय ळ आहे? जिलबी आहे का ती? पुन्हा काढ. आणि खाडाखोड नको. खाडाखोड म्हणजे आळस!" पन्नाशीच्या माणसाने ओळभर ळ काढायचे! घरी तक्रार केली की बायको म्हणायची, "सर आहेत ते. काढ गप." दोन वर्षांत माझं अक्षर इतकं बदललं की सही जुळत नाही म्हणून बँकेने मला परत पाठवलं. सरांना हे रागाने सांगितलं, तर त्यांना केवढा आनंद झाला!

नवरात्रानंतरच्या एका रविवारी त्यांनी माझं पान आणि कपाटातली एक जुनी चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ पाहून म्हणाले, "झालं. आता तिला कळायचं नाही."

"कुणाला?"

सरांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. तो सारखा थरथरत होता. सरांची मुलगी कॅनडात असते. तिला दर महिन्याला शाईपेनाने लिहिलेलं पत्र जायचं, ते दोन वर्षं नाना सबबी सांगून बंद होतं. "हात असा झालाय कळलं, तर येईल आणि घराला कुलूप लावून मला घेऊन जाईल," सर म्हणाले. "तिथे मला कोण ओळखतं रे?"

मला भयंकर राग आला. सरळ सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं नसतं का? त्याच रागात बसलो आणि ते सांगतील ते उतरवून घेतलं. तब्येत उत्तम आहे, हात ठणठणीत आहे. सगळं खोटं, पण सगळे ळ बरोबर. सरांनी तीनदा तपासून पाकीट बंद केलं.

महिन्याभराने उत्तर आलं. चष्मा सापडत नाही म्हणून सरांनी ते मलाच वाचायला लावलं. "पप्पा, अक्षर अगदी तुमचं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांना माझे थँक्स सांगा. पण तुमच्या प्रत्येक पत्रात चार-पाच शब्द तरी खोडलेले असायचे, यात एकही नाही. हात थरथरतो का? मी नाताळला येतेय. न्यायला नाही, भेटायला. तोवर एक पत्र तुमच्या हातचं पाठवा. वाचता नाही आलं तरी चालेल."

"म्हणजे तुम्ही खाडाखोड करायचात?" मी ओरडलोच. "आणि मला दोन वर्षं..."

"मुलीला लिहिताना होते रे," सर म्हणाले.

मग त्यांनी कपाटातलं सगळ्यात जाड पेन काढलं. मी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. 'प्रिय' लिहायला फार वेळ लागला. तो शब्द पार ओळीबाहेर गेला, म्हणून त्यांनी तो खोडला आणि माझ्याकडे बघून हसले. मग पुन्हा लिहिला. शाई माझ्या बोटांवर उडाली आणि चहा निवला.

सध्या मी उरलेल्या आठ चिठ्ठ्या लिहितोय. न्यायला येत नाही असं तिने लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलं आहे. कारण सर कॅनडाला गेले तर माझी रविवारची सुटका होईल, आणि ती सुटका मला मुळीच नको आहे.