सत्कारानंतरचा ग्रेड

“दहापैकी दहा लिहा की साहेब,” व्यंकटशेठ म्हणाले. “आमच्या घरात नऊ कुणालाच चालत न्हाईत.”

मी त्यांना समजावलं, की दहा म्हणजे छापखान्यातून निघालेलं आणि वाऱ्यालाही न दाखवलेलं पुस्तक. हे वापरलेलं आहे. फार नीट वापरलेलं आहे, पण वापरलेलं.

“साडेनऊ मिळतील बहुतेक,” मी म्हणालो.

टॉवेलचा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे.

माझं काम लोकांना पटकन कळत नाही. संग्रहात ठेवण्याजोग्या जुन्या पुस्तकांची अवस्था तपासून मी त्यांना गुण देतो. याला ग्रेडिंग म्हणतात. कंपनी पुण्याची; सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत मी एकटा. माझ्याकडे येतात ती बहुतेक टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची पुस्तकं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि तलवार लागली की हुकली ते फासे ठरवतात. नियम सगळे पुस्तकात. काही पुस्तकं पुन्हा छापलीच गेली नाहीत, म्हणून त्यांच्यामागे लोक धावतात. मी कव्हर, कोपरे, शिलाई आणि पानांचा रंग बघतो. आत काय लिहिलंय ते बघत नाही. या बाबतीत मी काही नामवंत समीक्षकांच्या जवळ जातो.

ग्रेड दिला की पुस्तक जाड, पारदर्शक पेटीत सील करतात. वर लेबल, लेबलवर आकडा. पेटी उघडली की आकडा रद्द. म्हणजे पुस्तक उत्तम आहे हे ज्या दिवशी सिद्ध होतं, त्या दिवसापासून ते कुणाला वाचता येत नाही.

अडचण इथंच होती. शेठचा पुतण्या कॅनडाला जाताना हे पुस्तक कारखान्याच्या माडीवर ठेवून गेला होता. त्याच माडीवर नीलोफर शेख आणि तिचे मित्र दर रविवारी खेळायचे. नीलोफर हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गोष्ट सांगणारी तीच. पुस्तकाखाली घडी घातलेला टॉवेल, जवळपास चहा नाही, पान उलटायचं ते वरच्या कडेनं. पुस्तक साडेनऊला पोचलं ते तिच्यामुळे, आणि साडेनऊला पोचलं म्हणूनच ते तिच्या हातून जाणार होतं. पुतण्यानं फोनवर “काका, ते रेअर आहे” असं सांगितल्यापासून शेठनी ऑफिसात काचेचं शोकेस करून घेतलं होतं. आत दिवा, बाहेर मखमली पडदा.

नीलोफर माझ्यासमोरच शेठना म्हणाली, “चाचा, आमची गोष्ट अर्धी राहिलीय. हे पुस्तक दुसरीकडं मिळत नाही.”

“झेरॉक्स काढून घे की.”

“पुस्तक उलटं दाबलं तर शिलाई तुटेल,” मी म्हणालो.

“मग नगं. गुण जातील.”

“मोबाइलवर फोटो काढते.”

“फोटो काढल्यावर रेअर कसं ऱ्हाईल?” शेठनी विचारलं. यावर माझ्या ट्रेनिंगमध्ये काहीच शिकवलेलं नव्हतं. पुस्तक शेठच्या घरचं होतं, शब्द शेठचा होता. विषय संपला.

सीलिंगचा कार्यक्रम कारखान्यातच ठरला. आमच्याकडे सील करण्याआधी शेवटची तपासणी करतात आणि तेव्हाचा ग्रेड तोच खरा. माझा अंदाज होता अर्ध्या तासाचं, एका टेबलाचं काम. तिथं पोचलो तर मांडव. स्टेजवर बॅनर, बॅनरवर शेठ मोठे, पुस्तक लहान. शेजारी अनावरणासाठी ऑफिसातून आणलेलं शोकेस, पडदा ओढलेलं. प्रमुख पाहुणे म्हणून व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आले होते. खेळणारी मंडळी मागच्या रांगेत बसली होती, लग्नात नवरीकडची बसतात तशी.

मी पिशवीतून हातमोजे काढणार तोच माइकवर माझं नाव पुकारलं. “पुस्तकतज्ज्ञ” असा उल्लेख झाला. शाल, श्रीफळ, वर शेठच्याच कारखान्याची चादर. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, हिकडं बघा. आणखी एक.” सत्कार चालू असताना माणसाला फक्त समोर बघता येतं. माझ्या पाठीमागे काय चाललं होतं, ते मागच्या रांगेतल्या नीलोफरचा चेहरा बघून मला कळलं.

वळलो तर पुस्तकाची पूजा चालली होती.

त्यात शेठचं काही वाकडं नव्हतं. त्यांच्या कारखान्यात नवा माग आला, टेम्पो आला, जनरेटर आला, तरी पूजेशिवाय बटण दाबत नाहीत. ओल्या बोटानं हळद, त्यावर कुंकू, अक्षता, मग गुरुजींनी फुलानं शिंपडलेलं पाणी. जनरेटरला यानं काही होत नाही. जनरेटर पत्र्याचा असतो.

मी मऊ ब्रशनं सुटी पूड झाडली. खालचा बोटाचा लाल ठसा कागदात मुरला होता. पाण्यानं कव्हर दोन ठिकाणी फुगलं होतं. मी भिंगातून पाहिलं, फॉर्मवर लिहिलं आणि शेठना बाजूला घेतलं.

“शेठ, ग्रेड उतरलाय. डाग आहे.”

“कुटं हाय डाग?”

मी दाखवला.

शेठचा आवाज चढला. “कुंकवाला डाग म्हणता? शुभ हाय ओ ते!”

“शुभ आहे. पण कव्हरवर आहे.”

आता सगळा मांडव ऐकत होता. गुरुजींनी पळी खाली ठेवली. मी पुण्याला आमच्या मॅडमना फोन लावला.

“डागाचा प्रकार काय?” मॅडमनी विचारलं.

“कुंकू.”

“यादीत शाई, अन्न, कीटक आणि अज्ञात एवढंच आहे. अज्ञात टाका.”

“मॅडम, इथं शंभर माणसं बसलीत आणि ते काय आहे हे सगळ्यांना ज्ञात आहे.”

“मग ‘बाह्य पदार्थ, लाल’ लिहा. आणि वाद घालू नका.”

मी तसं लिहिलं. आकडा आला साडेचार.

“साडेचार?” शेठ म्हणाले. “म्हंजी पंचेचाळीस टक्के?”

“पास आहे, शेठ.”

“थर्ड क्लास!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “ते कालचे साडेनऊच लिहा की. कोण बघायला येतंय?”

“आकडा आज हातात असलेल्या पुस्तकाचा असतो. कालचं पुस्तक आता नाही.”

“तुमी त्या पोरीच्या बाजूचे.”

“मी कव्हरच्या बाजूचा.”

शेठनी पुस्तकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग घड्याळ बघणाऱ्या अध्यक्षांकडे. साडेचारचं लेबल दिव्याखाली ठेवायचं म्हणजे घरातल्या थर्ड क्लासवाल्या पोराचा निकाल दारावर लावायचा. त्यांनी मॅनेजरला हाक मारली आणि कानात काही सांगितलं.

पाच मिनिटांत अध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा सरकला. दिव्याखाली घडी घातलेली निळी चादर होती. टाळ्या झाल्या. अध्यक्ष वस्त्रोद्योगाच्या परंपरेवर बरंच बोलले. पुस्तकाचा विषय त्यांच्याकडून निघाला नाही. तो त्यांना कुणी नीट सांगितलेलाही नसावा.

जेवणाच्या पंगतीजवळ शेठनी नीलोफरला पुस्तक दिलं. “घे बाई. खेळा वर माडीवर. आता त्याचं तसंबी काय ऱ्हायलंय?”

तिनं ते माझ्यापुढे धरलं. “सर, आतली पानं?”

“आत एक थेंब नाही.”

“मग झालं की,” ती म्हणाली, आणि मित्रांना जिन्याकडे पिटाळलं. आम्ही जिलेबीवर असताना वरून फाशांचा आवाज यायला लागला होता.

आता कंपनी नव्या लोकांना शिकवायला मला बोलावते. पुस्तकांच्या शत्रूंची एक ठरलेली यादी आहे: वाळवी, ओल, ऊन, उंदीर. मी ती फळ्यावर लिहितो आणि खाली स्वतःच्या जबाबदारीवर ‘सत्कार समारंभ’ लिहितो. मुलं हसतात. मी त्यांना सांगतो, उंदीर निदान कोपऱ्यापासून सुरुवात करतो.