पूजेला बसलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला सकाळी आमच्या वर्कशॉपमधला कॉम्प्युटर भोंग्यासारखा केकाटायला लागला, तेव्हा त्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि कुंकू लावलेलं होतं. म्हणून मला त्याला हात लावता येईना.

आमची शेड चाकणजवळ. मशीनवर काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी फिक्स्चर आम्ही बनवतो. लेथ आणि मिलिंग सासरे बघतात, ड्रॉइंग मी काढते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. खंडेनवमीला पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत शिवायचं नाही, हा मामांचा नियम. आमच्या गल्लीतल्या बहुतेक शेडमध्ये तो पाळतात, म्हणून त्या दिवशी गल्ली अगदी चिडीचूप असते.

कॉम्प्युटरला पूजेत बसवायची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं मामा त्याला 'तुझा टीव्ही' म्हणायचे. मग त्यांची कागदावरची जुनी ड्रॉइंग मी त्यात चढवली. एका रविवारी ते माझ्या खुर्चीत बसले, एक ड्रॉइंग मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे बी हत्यारच हाय." मला इतका आनंद झाला की मी घरभर सांगत सुटले. त्यानंतर ते रोज थोडा वेळ टेबलाशी येऊन बसायचे.

आता पडद्यावर लाल पट्टा होता, ढालीचं चित्र होतं. शेकडो व्हायरस सापडले आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर बोला. मी असलं काही घातलेलं नव्हतं. मी मामांकडे पाहिलं, तर ते नारळाकडे बघत होते.

"काल हाराचं फोटू बघत व्हतो. मधीच त्यानं इचारलं, सुरक्षा पायजे का. पूजेच्या आदल्या दिवशी न्हाई कसं म्हनायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. काल आत शिरलेल्याला आज लगेच शेकडो रोग सापडले. खरा अँटीव्हायरस असा बोंबलत नाही आणि फोन करा म्हणून गळ्यातही पडत नाही. आमचा खरा तर कोपऱ्यात गप बसून होता.

"मामा, हा भामटा आहे. काढून टाकते."

"उद्या काढ. पूजा झालीया. आन त्यो बी म्हंतोय, बंद करू नका."

पूजा आणि चोर दोघांचं एकमत झालेलं बघून मला हसावं की रडावं कळेना. आमची सगळी ड्रॉइंग त्यात होती. जादा प्रत ठेवायची डिस्कही त्यालाच जोडलेली, तिलाही कुंकू. ड्रॉइंग गेली असती तर मी पुन्हा काढत बसले असते. पण मामा परत कॉम्प्युटरकडे फिरकले नसते, आणि मला त्याचीच धास्ती होती.

मी शेडमध्ये येरझारा घालत होते. पेढा हातातच राहिला. मग भिंतीवरच्या राऊटरकडे लक्ष गेलं. त्याला कुंकू नव्हतं. मी त्याची वायर उपटली. केकाटणं थांबलं नाही, निदान आता त्याला बाहेरच्या कोणाशी बोलता येणार नव्हतं.

मी शेजारच्या शेडमध्ये प्रसाद देऊन परतले, तर मामा त्या नंबरवर बोलत होते. कुंकू फोनलाही नव्हतं.

स्पीकरवर एक गोड आवाज होता. "सर, कीबोर्ड के पास बैठिए, मैं बोलूँ वो दबाइए."

"आज खंडेनवमी हाय. आज हात नहीं लगाने का. कल करेंगे."

"सर, आज नहीं किया तो सब उड़ जाएगा."

मी फोनकडे हात नेला, मामांनी पाठ फिरवली.

"पूजा-वूजा छोड़ो," आवाजातला गोडवा गेला होता. "अभी बैठो."

मामांनी फोन कापला. "लई घाई हाय त्याला," म्हणाले.

ती रात्र मी तळमळत काढली. दसऱ्याला सकाळी मामांनी स्वतः हार उतरवला आणि मी टेबलाशी बसले. इंटरनेट न जोडता तो प्रोग्राम काढला, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागं होणारं त्याचं पिल्लू काढलं, ब्राऊझरमध्ये त्याने मिळवलेली परवानगी काढली. मग आमच्या खऱ्या अँटीव्हायरसकडून सगळं तपासून घेतलं. ड्रॉइंग एकेक करून उघडली. सगळी शाबूत होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात कोपऱ्यात एक हिरवी चौकट उघडली. तपासणी पूर्ण, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.

"ह्यो कोन?" मामा मागे उभे होते.

"हा आपला. खरा."

"कशावरनं?"

मी सांगायला लागले. हा पैसे भरून घेतलेला, हा फोन करायला सांगत नाही, हा घाबरवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ढाल तर ह्याच्यावर बी हाय," ते म्हणाले. "मला सगळी ड्रॉइंग कागदावर काढून दे."

मी प्रिंटर चालू केला. मामा शेजारी उभे राहून येणारा प्रत्येक कागद हातात घेत होते, बोट फिरवून मापं वाचत होते. एकही माप चुकलेलं नव्हतं. गठ्ठा घेऊन ते लेथकडे गेले, आणि माझ्या खुर्चीत ते पुन्हा कधी बसले नाहीत.