थरथरीचा धनी

चैत्रातल्या दुपारी कडुनिंबाच्या मोहोराचा मंद, किंचित कडसर गंध दरवळू लागला की माझे तळहात अजूनही आपोआप उबदार होतात. देह काय काय सांभाळून ठेवतो! मन ज्याचा अर्थ लावू शकत नाही, तेही तो जपतो.

पहिले महायुद्ध नुकतेच थांबले होते. मंगरूळपीरच्या वाटेवरच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरे इनमिन पाच. मी मिशनच्या शाळेचा मास्तर; माझी पत्नी सारजा माळ्याची लेक, मेथी-वांगी पिकवून बाजारात विकणारी. एका रविवारी निंबाखाली प्रार्थना चालली असता माझ्या सर्वांगातून एकाएकी एक ऊब सरसरत गेली. देह थरथरू लागला, डोळे वाहू लागले, आणि असा अनावर आनंद दाटून आला की त्याला खोटे म्हणण्याची माझी आजही छाती होत नाही.

पण आमची माणसे बाप्तिस्मा घेतला म्हणून जुनी सवय थोडीच विसरणार? अंगात आलेल्याला प्रश्न विचारायचे, ही इथली पिढीजात रीत. आमच्या पाच घरांतल्याच यमुनाकाकूंनी माझ्या पायांवर पाणी घातले, पुढ्यात लिंबू ठेवले आणि हात जोडून विचारले, "माहा बैल कोठी गेला, सांगा ना." मी त्या भरात नदीकडे बोट केले. बैल नदीवर सापडला! चैत्रात तहानलेला बैल दुसरीकडे कुठे जाईल, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्या तर मुळीच नाही.

मग दर रविवारी लिंबे आली, नारळ आले, शेजारपाजारचे शेतकरी आले. प्रभूची साक्ष पसरते आहे, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे सांगू? मला ते आवडत होते. मुलांचे पाढे घेणाऱ्या मास्तराला कोणी वाकून नमस्कार करावा, हे सुख काही लहान नव्हे. अन् एका रविवारी ऊब आलीच नाही. माणसे ताटकळली होती. मी मान जराशी हलवली, मग खांदे हलवले, आणि पाहता पाहता सारा देह ठरल्याप्रमाणे डोलू लागला.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता सारजा म्हणाली, "पयल्या खेपेले खरंच आलं होतं तुमच्यात. काल तुमीच आनलं. काहून?"

मी तिच्यावर चिडलो. खरे बोलणाऱ्यावर माणूस चिडतो तसा.

पुढच्या रविवारी एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आली. मी डोलत होतो. आणलेले की आलेले, मलाच उमगत नव्हते. तिने माझे पाय घट्ट धरले. "आदी नाव सांगा देवा. कोन आला आंगात?" रीतच होती ती, नाव कळल्यावाचून नवस कोणाला बोलायचा?

येशू, एवढाच शब्द! जन्मभर जो मी शेकडोंना शिकवला, तो माझ्या ओठांवर येईना. तो उच्चारला असता तर त्या माउलीने माझ्याच पायांना येशू समजून मिठी मारली असती. मी थरथर थांबवली. "कोणी नाही, बाई. मी मास्तर."

तिचा चेहरा उतरला. आसपास कुजबुज झाली. सारजाने मात्र लेकरू मांडीवर घेतले, ओले फडके कपाळावर ठेवले आणि म्हणाली, "आता मांगू येशूले." आम्ही मागितले. ना ऊब, ना आसू. वाळल्या कडब्यासारखे कोरडे शब्द.

लेकरू चार दिवसांत उठले. आईने दर्ग्यात चादर चढवली, तालुक्याच्या डॉक्टरला वांगी पोचवली आणि आम्हालाही एक नारळ दिला. तिच्यापुरता हिशेब चोख होता! माझाच घोळ अजून मिटत नाही. ती पहिली ऊब प्रभूची असेल, तर मी तिला दार का लावले? आणि नसेल, तर तिच्यासारखा आनंद पुन्हा कधी का लाभला नाही?

रोज सकाळी मी म्हणतो, "प्रभो, ये." सारजा शेजारी 'आमेन' म्हणते आणि मळ्यात जाते. मी मात्र बसून राहतो. कारण मी त्याला बोलावले की त्या उबेला, हे मला अजून सांगता येत नाही.